गावात अल्पवयीन मुलांसाठी रात्री ९ नंतर बंदी घालता येते का?

ताई, तुमचा प्रश्न आधी इथे थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही उत्तराचा संदर्भ लागेल. तुमचं गाव यावल तालुक्यातलं, केळीच्या पट्ट्यातलं. गेल्या महिन्यात स्टँडवर पोरांची मारामारी झाली आणि त्याच आठवड्यात दोन अल्पवयीन मुलं मोटारसायकलवरून पडून जबर जखमी झाली. त्यानंतर बैठकीत ठरलं की १८ वर्षांखालचं कोणीही रात्री ९ नंतर घराबाहेर दिसता कामा नये. दिसलं तर पालकांना ५०० रुपये दंड, वेशीवर फलक, आणि पाळत ठेवायला तरुणांचं पथक. अमेरिकेतल्या शहरांत असे नियम असतात, असंही बैठकीत कोणीतरी सांगितलं. तुम्ही ग्रामपंचायत सदस्य आहात, तुमचा मुलगा अकरावीत आणि मुलगी दहावीत आहे. तुम्ही विचारता की हा ठराव कायद्यात बसतो का, आणि बसत नसेल तर मुलांच्या रात्रीच्या भटकण्याचं करायचं काय.

मी जळगाव जिल्ह्यात वकिली करतो आणि बाल न्याय मंडळ व बालकल्याण समिती यांच्यापुढची प्रकरणं वर्षानुवर्षं पाहत आलो आहे. उत्तर आधी सरळ देतो. हा ठराव कायद्यात बसत नाही. दंड वसूल करता येणार नाही आणि पथकाने एखाद्या मुलाला अडवून ठेवलं तर गुन्हा पथकावर दाखल होऊ शकतो. पण ठरावामागची काळजी खरी आहे. ती काळजी मार्गी लावायला कायद्याने गावाला बरंच काही दिलंय, फक्त त्याचा रोख मुलांपेक्षा मोठ्यांवर जास्त आहे.

आता कारणं. भारतात अल्पवयीन मुलांनी अमुक वाजल्यानंतर बाहेर पडू नये असा सर्वसाधारण कायदा नाही. महाराष्ट्राचाही नाही. संविधानाच्या अनुच्छेद १९ (१) (ड) ने देशात कुठेही मोकळेपणाने फिरण्याचा हक्क नागरिकांना दिलाय आणि त्यात १८ वर्षांची अट नाही. या हक्कावर वाजवी बंधन घालता येतं, पण ते कायद्याने घालावं लागतं. हात वर करून झालेला ग्रामसभेचा ठराव म्हणजे कायदा नव्हे. ग्रामपंचायतीचे अधिकार महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ मधून येतात. पाणी, दिवाबत्ती, गटारी, रस्ते, कर, बाजार हा सगळा कारभार त्यात आहे. माणसाला रस्त्यावरून घरी पाठवण्याचा किंवा त्याबद्दल दंड लावण्याचा पोलिसी अधिकार त्यात नाही. पोलीस पाटलांकडेही तो नाही. त्यांचं काम माहिती देण्याचं, पोलीस ठाण्याला आणि तहसीलदारांना वेळेवर कळवण्याचं.

संचारबंदीचा आदेश कोण काढू शकतं, हेही सांगतो, कारण बैठकीत "१४४ लावा" असं कोणीतरी म्हटलंच असेल. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं ते कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १६३ झालंय. तो आदेश जिल्हाधिकारी, प्रांत किंवा खास अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी काढतात. त्याला तातडीचं कारण लागतं आणि तो साधारण २ महिन्यांच्या वर चालत नाही. राज्य सरकारने वाढवला तर आणखी ६ महिन्यांपर्यंत जातो. सणावाराच्या आधी आपल्याकडे पेपरात जे मनाई आदेश येतात ते बहुतेक महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खालचे असतात. शस्त्र बाळगू नका, जमाव करू नका, अशा स्वरूपाचे, आणि जमावबंदीचा असेल तर एका वेळी १५ दिवसांपुरता. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनुराधा भसीन प्रकरणात स्पष्ट सांगितलं की असे आदेश कारणांसह प्रसिद्ध झाले पाहिजेत, धोक्याच्या प्रमाणात असले पाहिजेत आणि एकामागून एक आदेश काढत राहणं हा अधिकाराचा गैरवापर आहे. वर्षाचे बारा महिने, सगळ्या मुलांना, रोज रात्री ९ वाजता, हे यातल्या कुठल्याच चौकटीत मावत नाही.

वयावर आधारलेला असा नियम आपल्याकडे अलीकडे दिसला तो फक्त कोरोनात. मे २०२० च्या केंद्राच्या सूचनांमध्ये संध्याकाळी ७ ते सकाळी ७ अनावश्यक फिरण्यावर बंदी होती आणि १० वर्षांखालच्या मुलांनी घरातच राहावं असं म्हटलं होतं. त्यामागे आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ चा आधार होता, देशभर साथ होती आणि तीही मुदतीपुरतीच बाब होती.

परदेशाचं म्हणाल तर बैठकीत सांगितलेली गोष्ट खोटी नाही, अर्धी आहे. अमेरिकेतल्या डॅलस शहराने १९९१ मध्ये असा नियम केला. १७ वर्षांखालच्यांनी आठवड्यातल्या दिवसांत रात्री ११ ते सकाळी ६, आणि शुक्रवार-शनिवारी मध्यरात्री १२ ते सकाळी ६ सार्वजनिक ठिकाणी थांबू नये. १९९३ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने तो वैध ठरवला, पण त्यातल्या सवलती पाहा. आईवडील सोबत असतील तर चालेल, आईवडिलांनी कामाला पाठवलं असेल तर चालेल, नोकरीवरून येत असेल, शाळेच्या किंवा धार्मिक कार्यक्रमाहून येत असेल, काही तातडीचं असेल, तर चालेल. या सवलतींमुळेच तो नियम टिकला. आणि तीस वर्षांनी, २०२३ मध्ये, त्याच टेक्सास राज्याच्या विधिमंडळाने शहरांचा असे नियम करण्याचा अधिकारच काढून घेतला. आइसलंडमध्ये १२ वर्षांपर्यंतच्या मुलांनी रात्री ८ नंतर आणि १३ ते १६ च्या मुलांनी १० नंतर मोठ्यांशिवाय बाहेर राहू नये असा नियम आजही आहे. उन्हाळ्यात, १ मे ते १ सप्टेंबर, तिथे या वेळा २ तासांनी पुढे सरकतात. पण तो नियम देशाच्या बालसंरक्षण कायद्यातच लिहिलेला आहे. एखाद्या गावाने बैठकीत केलेला नाही.

आता पथकाकडे येतो, कारण मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटते. तुमच्यासारख्याच एका गावातलं प्रकरण माझ्याकडे आलं होतं. दहावी झालेला मुलगा, रात्री साडेअकराच्या सुमारास शेतातून घरी येत होता. लाईटची पाळी रात्रीची, म्हणून तो मोटार सुरू करून ठिबकचे वाल बदलायला गेलेला. पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला, खांद्यावर फावडं, हातात बॅटरी. पथकातल्या चौघांनी त्याला पाराजवळ थांबवलं, मोबाईल काढून घेतला, उठाबशा काढायला लावल्या आणि त्याचा व्हिडिओ गावच्या ग्रुपवर टाकला. मुलगा दुसऱ्या दिवसापासून घराबाहेर पडेना. त्याचा बाप माझ्याकडे आला तेव्हा चिडलेला नव्हता, खजील झालेला होता. जणू चूक त्यांचीच होती.

कायद्याच्या नजरेतून त्या अर्ध्या तासात काय काय घडलं ते बघा. वाट अडवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ खाली गुन्हा, ठिकाणाहून हलू न देणं कलम १२७ खाली. धमकावून पैसे घेतले असते तर प्रकरण खंडणीपर्यंत गेलं असतं. खासगी माणसाला दुसऱ्याला पकडण्याचा अधिकार आहे, पण तो फक्त त्याच्या डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला किंवा समोरचा फरारी घोषित गुन्हेगार असला तर, आणि तेव्हाही ६ तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करावं लागतं. रात्री रस्त्याने चालणं हा मुळात गुन्हाच नाही. व्हिडिओचं तर वेगळंच. कायद्याशी संघर्षात आलेल्या, काळजीची गरज असलेल्या किंवा गुन्ह्याला बळी पडलेल्या मुलाची ओळख उघड होईल असं काहीही प्रसिद्ध करायला बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम ७४ मनाई करतं. शिक्षा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ती पथकातली पोरं वाईट नव्हती. गावाने आपल्याला जबाबदारी दिलीय, एवढंच त्यांना ठाऊक होतं. आम्ही ते प्रकरण समोरासमोर बसून मिटवलं. व्हिडिओ काढून टाकला, चौघांनी मुलाच्या घरी जाऊन माफी मागितली. पण दरवेळी समोरचा पालक तडजोडीला तयार असेलच असं नाही. तुमच्या गावातली वीस-बावीस वर्षांची मुलं उद्या पोलीस भरतीला बसणार आहेत. त्यांच्या नावावर असा गुन्हा लागला तर चारित्र्य पडताळणीत काय होईल याचा विचार ठरावावर सह्या करणाऱ्यांनी करावा.

दंड न देणाऱ्या घराबद्दल बैठकीत काही बोललं गेलं असेल, तर तिथेच थांबवा. "त्यांच्याकडे लग्नाला जायचं नाही", "त्यांना दुकानातून माल द्यायचा नाही" असं ठरवणं हा सामाजिक बहिष्कार ठरतो. महाराष्ट्राचा त्याविरुद्धचा कायदा २०१७ पासून लागू आहे. ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मुलींनी मोबाईल वापरू नये वगैरे जात पंचायतींचे फतवे खान्देशाला नवीन नाहीत. तुमचा ठराव त्या वाटेला जाऊ नये अशी माझी कळकळीची विनंती आहे.

या सगळ्याच्या पलीकडे एक साधी गोष्ट आहे. ९ ही वेळ आपल्या भागाच्या जगण्याशी जुळतच नाही. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या आसपास जातो. दिवसभर पोरं घरात कोंडलेली असतात, खेळायला बाहेर पडतात ती दिवेलागणीनंतर, आणि ओटा-अंगण थंड व्हायलाच दहा वाजतात. जळगावला क्लासला जाणारी मुलं शेवटच्या एसटीने परततात. ती गाडी उशिरा आली तर मुलं तुमच्या वेशीवर साडेनऊला उतरणार, फलकाच्या बरोबर खाली. श्रावणात कानबाईचं जागरण रात्रभर चालतं आणि त्यात सगळ्यात उत्साहाने नाचतात ती याच वयाची पोरं-पोरी. सारंगखेड्याची यात्रा घ्या, मुक्ताईची यात्रा घ्या. सातपुड्यात तर काठी गावच्या होळीला पाड्यापाड्यांतून तरुण रात्रभर चालत येतात आणि होळी पेटते पहाटे. हिवाळ्यात शेतात भरीताचा बेत असला की घरची मुलं बापासोबत दहा-अकरापर्यंत मळ्यातच असतात. या सगळ्यांना सवलत द्यायची म्हटली तर नियमात उरतं काय? आणि सवलत न देता तो चालवायचा म्हटला तर तो कोणावर चालेल, हे तुम्हालाही माहीत आहे. ज्याचा बाप बैठकीत पुढच्या रांगेत बसतो त्याच्या मुलावर चालणार नाही. सालदाराच्या, ऊसतोडीला गेलेल्याच्या, वस्तीवरच्या मुलावर चालेल.

मुलींचं वेगळं सांगायला हवं. ठरावात "मुले" लिहिलं असलं तरी अंमल पहिल्यांदा मुलींवर होतो. मुलगा साडेनऊला दिसला तर "जा रे घरी" म्हणून सोडतात. मुलगी दिसली तर दुसऱ्या दिवशी तिच्या घरी निरोप जातो. मग क्लास बंद होतो, मग अभ्यासिका, मग बारावीनंतरचं शिक्षण, आणि घरात स्थळांची चर्चा सुरू होते. हे मी अंदाजाने लिहीत नाही. बालविवाह थांबवण्यासाठी समितीपुढे आलेल्या मुलींशी बोलताना "क्लास कधी सुटला?" हा प्रश्न मी नेहमी विचारतो आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा अशाच एखाद्या बंदीशी जाऊन भिडतं. तुमची मुलगी दहावीत आहे. तिच्याशी या ठरावाबद्दल बोललात का? बोलला नसाल तर बैठकीआधी बोला.

पोलिसांनी मुलाला रात्री थांबवलं तर काय, हेही अनेक पालक विचारतात. पोलीस विचारपूस करू शकतात, नाव-गाव विचारू शकतात, घरी जायला सांगू शकतात, आणि गाडी चालवत असेल तर परवाना मागू शकतात. यात गैर काही नाही. मुलांनाही सांगून ठेवा की उलट बोलू नका, खरं नाव सांगा, घरचा नंबर द्या. पण नुसतं रात्री दिसलं म्हणून मुलाला ठाण्यात बसवून ठेवता येत नाही. गुन्ह्याचा संशय असेल तर बाल न्याय अधिनियमाच्या कलम १० प्रमाणे मूल ताबडतोब विशेष बाल पोलीस पथक किंवा बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याकडे जायला हवं आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे उभं राहायला हवं. कोठडीत ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत. प्रत्येक ठाण्यात किमान सहायक फौजदार दर्जाचा एक बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. तुमच्या ठाण्यात ते कोण आहेत हे आजच विचारून घ्या आणि त्यांचं नाव व नंबर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहा. वेशीवरच्या बंदीच्या फलकापेक्षा हा फलक मुलांच्या जास्त कामाचा आहे. आणखी एक लक्षात ठेवा: कुठल्याही वयाच्या स्त्रीला किंवा १५ वर्षांखालच्या मुलाला तपासात माहिती विचारण्यासाठी पोलीस ठाण्यात बोलावता येत नाही. पोलिसांनी त्यांच्या राहत्या घरी जायचं असतं.

रात्री बाहेर सापडणाऱ्या काही मुलांना मात्र खरंच मदतीची गरज असते. घरातून पळालेलं मूल, भुसावळ जंक्शनच्या फलाटावर झोपलेलं मूल, नशेच्या नादी लागत चाललेलं मूल, लग्न लावून देतील या भीतीने निघून आलेली मुलगी. कायदा यांना "काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक" म्हणतो आणि त्यांना २४ तासांत बालकल्याण समितीपुढे न्यायचं असतं, कोणी आणलं तरी, पोलिसांनी असो, रेल्वे सुरक्षा दलाने असो की गावातल्या कुणी असो. १०९८ हा नंबर त्यासाठीच आहे. असं मूल दिसलं तर हटकून हाकलू नका. हाकललेलं मूल पुढच्या गाडीत बसतं.

आता मुख्य मुद्दा: करायचं काय? तुमच्या गावातल्या दोन्ही घटना परत पाहा. दोन मुलं मोटारसायकलवरून पडली. त्या गाडीची चावी त्यांना कोणी दिली? मोटार वाहन अधिनियमात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९९अ आलंय. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत परवाना नाही. अपघातात दुसरा कोणी जखमी झाला तर विमा कंपनी त्याला भरपाई देऊन ती मालकाकडून वसूल करायला येते, आणि मग शेत विकायची वेळ येते. मी ती वेळ आलेली घरं पाहिली आहेत. १६ ते १८ वयात फक्त ५० सीसीपर्यंतची बिनगियरची गाडी, तीही परवान्याने. बापाची गियरची गाडी नाही. बैठकीत बसलेल्या किती जणांच्या घरी सोळा वर्षांच्या मुलाच्या हातात चावी आहे, एवढं एकदा मोकळेपणाने विचारा.

मारामारी स्टँडवर झाली. तिथे रात्री उशिरापर्यंत काय उघडं असतं? टपरीवर गुटखा मिळत असेल, तर तो महाराष्ट्रात २०१२ पासून बंद आहे. १८ वर्षांखालच्या मुलाला बिडी-सिगारेट-तंबाखू विकता येत नाही आणि शाळेपासून १०० यार्डांत तर कोणालाच नाही. मुलाला दारू किंवा तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्याला बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७७ खाली ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड आहे. इतकी कडक तरतूद हातात असताना गाव मुलाच्या बापाकडून ५०० रुपये मागतं आणि टपरीवाल्याला काही विचारत नाही, हे मला पटत नाही. हातभट्टी, सट्टा, पत्त्यांचा अड्डा यांचंही तसंच. मुलं तिथे जमतात कारण मोठ्यांनी ती जागा उघडी ठेवलीय. हळदीच्या रात्री डीजे बारा-एकपर्यंत वाजतो, त्यासमोर नाचणारी निम्मी पोरं अल्पवयीन असतात. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद असायला हवा. सण-उत्सवांच्या मोजक्या दिवशी राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देतं, पण लग्नाची हळद त्यात येत नाही. दहाला आवाज बंद झाला तर पोरं आपोआप घरी जातात.

आणखी एक विषय आहे, तो आपल्या भागात कोणी काढत नाही. बालकामगार कायद्यात २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ ते १८ वयाच्या मुलांकडून संध्याकाळी ७ ते सकाळी ८ या वेळात आस्थापनेत काम करून घेता येत नाही, आणि आस्थापनेच्या व्याख्येत दुकान, हॉटेल याबरोबर शेतही आहे. घरच्या शेतात घरच्या मुलाने पाणी भरणं वेगळं. पण मजुरीवर आणलेल्या सोळा वर्षांच्या मुलाकडून रात्री केळीच्या गाडीत माल भरून घेणं, महामार्गावरच्या ढाब्यावर त्याला बारापर्यंत ताटं उचलायला लावणं, हे कायद्याविरुद्ध आहे. आपल्या कायद्यात मुलांसाठी घड्याळ आहे ते इथे, आणि ते पाळायची जबाबदारी मालकावर आहे. मुलांनी रात्री घरी असावं अशी गावाची खरोखर इच्छा असेल, तर सुरुवात इथून करा.

एखाद्या ठरावीक मुलावर बंधन हवं असेल, समजा तो वारंवार मारामारीत सापडतो, तर त्यालाही रस्ता आहे. प्रकरण बाल न्याय मंडळापुढे गेल्यावर मंडळ कलम १८ खाली त्याला अमुक ठिकाणी जायला मनाई करू शकतं, शाळेत जाण्याचा, व्यसनमुक्तीच्या उपचारांचा आदेश देऊ शकतं, समुपदेशनाला पाठवू शकतं. परिवीक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) त्याच्या घरी जाऊन सामाजिक परिस्थितीचा अहवाल करतात. एका मुलाची माहिती घेऊन त्या मुलापुरतं बंधन, असा कायद्याचा मार्ग आहे. किरकोळ गुन्ह्यात तर एफआयआरही सहसा होत नाही. ठाणे दैनंदिनीत नोंद आणि मंडळाला अहवाल, एवढंच. म्हणून "पोलिसांत गेलं तर पोराचं आयुष्य बरबाद" ही भीती प्रत्येक वेळी खरी नसते. मुलाला वकील हवा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तो मोफत मिळतो, बापाचं उत्पन्न न बघता.

घरात मात्र वेळ ठरवायचा आईवडिलांना पूर्ण अधिकार आहे आणि तो वापरलाच पाहिजे. आजी दारात बसून "कोठे जाई राह्यना रे भाऊ इतल्या रातले?" असं विचारायची तेव्हा पोरगं थांबायचं, कारण विचारणारी त्याला ओळखत होती आणि उत्तर ऐकून घेत होती. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये संध्याकाळी ७ ला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवायचा पायंडा पाडला. घरोघरी पटवून सांगून ते सुरू झालं. सक्ती न करता गाव काय करू शकतं, याचा तो चांगला दाखला आहे.

तर ठराव कसा लिहावा? मी असा मसुदा देईन: "ग्रामसभा ठरवते की गावातील कोणताही पालक विनापरवाना अल्पवयीन मुलास मोटार वाहन देणार नाही. गावातील दुकानदार १८ वर्षांखालील मुलांस तंबाखूजन्य पदार्थ विकणार नाहीत. रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजणार नाही. संध्याकाळी ७ नंतर १८ वर्षांखालील मुलांकडून मजुरीचे काम करून घेतले जाणार नाही. याचा भंग दिसल्यास ग्रामपंचायत पोलीस ठाण्यास लेखी कळवेल. ग्रामपंचायत स्टँड, शाळा व वस्तीकडील रस्त्यावरील बंद दिवे दुरुस्त करील आणि अभ्यासिका रात्री १० पर्यंत उघडी ठेवील. मुलांविषयीची कोणतीही तक्रार प्रथम ग्राम बाल संरक्षण समितीपुढे येईल." या समितीच्या अध्यक्षस्थानी सरपंचच असतात. बऱ्याच गावांत ती कागदावर आहे, बैठक होत नाही. तुमच्याकडे शेवटची बैठक कधी झाली ते इतिवृत्त मागून बघा. मसुद्यात दंडाची रक्कम लिहिलेली नाही हे लक्षात घ्या. दंड न्यायालय करेल. ग्रामपंचायतीने फक्त कळवायचं.

तुमचं गाव पेसा क्षेत्रात येतं का, तेही तपासा. पेसा म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना जास्त अधिकार देणारा कायदा. यावल, रावेर, चोपडा या तालुक्यांतली काही गावं अनुसूचित क्षेत्रात आहेत. तसं असेल तर मादक पदार्थांवर नियंत्रण आणण्याचा ग्रामसभेचा अधिकार नेहमीच्या ग्रामपंचायतीपेक्षा मोठा आहे आणि दारूबद्दलचा ठराव जास्त जोरकसपणे करता येईल. मुलांच्या फिरण्यावर बंदी घालण्याचा अधिकार मात्र पेसातूनही मिळत नाही.

९ वाजताचा ठराव इतिवृत्तात लिहिला गेला असेल तर खाडाखोड करू नका. पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर "आधीचा ठराव रद्द करून नवीन ठराव करणे" असा विषय घ्या. ग्रामसभेआधी महिलांची सभा होते, तिथे तो आधी मांडा आणि दहावी ते बारावीच्या मुला-मुलींना बोलवा. रात्रीच्या रस्त्यावर त्यांना भीती कुठे वाटते, कोणाची वाटते, हे त्यांच्याइतकं गावात कोणाला ठाऊक नाही. त्या दिवसापर्यंत पथकाला लेखी कळवा की कोणालाही अडवायचं नाही, फोटो-व्हिडिओ काढायचा नाही, काही संशयास्पद दिसलं तर ११२ ला फोन करायचा. वेशीवरचा फलक उतरवा, आणि कोणाकडून ५०० रुपये घेतले गेले असतील तर पावतीसह परत करा.